एक जूनचा केक

मैत्रिणींनो, आपल्या भागात १ जूनला किती बायकांचा वाढदिवस असतो याचा कधी हिशेब केलाय का? सासूबाई १ जून, शेजारच्या काकू १ जून, अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी १ जून, दूध घालायला येणाऱ्या वहिनीही १ जून! बाहेरच्या माणसाला वाटावं, बारामती-इंदापूरच्या पोरी काय ठरवून एकाच दिवशी जन्माला येतात की काय. पण यातलं गुपित आपल्याला ठाऊक आहे. ही जन्माची तारीख नव्हे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून व्हायचं. नोंद कोण करणार? शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, पहिलीत बसण्याइतकं वय भरलं पाहिजे, म्हणून गुरुजी मागे मोजायचे आणि लिहून टाकायचे, १ जून. तीच तारीख पुढे दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि आता आधारकार्डावर येऊन बसली.

पुरुषांचंही असंच आहे म्हणा. पण पुरुषाच्या वाढदिवसाला निदान चौकात फ्लेक्स तरी लागतो! बायकांची ती तारीख फक्त कागदावरच राहते. मी बचत गटाच्या कामाला लागले तेव्हा बँकेचे अर्ज भरताना हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. आमच्या एका गटात सोळा जणी, त्यातल्या अकरा जणींची जन्मतारीख एकच. खरी कधीची, असं विचारलं की उत्तरं मोठी मजेशीर यायची. एक म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तवा मी पोटात." दुसरी म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीतली मी." म्हणजे डिसेंबर १९६७. एकीचं माहेर जुन्या पळसदेवचं. "उजनीच्या पाण्यात गाव गेलं तवा मी रांगत होते," एवढंच तिला सांगता येई. दुष्काळ, भूकंप, धरण, सगळं ध्यानात राहिलं. पोरगी झाली तो दिवस मात्र कुणाच्या ध्यानात राहिला नाही.

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्याच्या बैठकीत मी म्हटलं, यंदा १ जूनला सगळ्यांचा मिळून एक केक करू या. लगेच कुजबुज सुरू झाली. एक काकू रोखठोक म्हणाल्या, "ताई, जून म्हंजी पोरांच्या फिया, वह्या-पुस्तकं, त्यात पेरणीचं बियाणं. ह्यात कसला क्येक काढलाय?" त्यांचं चूक नव्हतं. बेकरीतला सोळा-अठरा जणींना पुरेल असा चॉकलेट केक आणायचा तर हजार रुपये मोडतात. जिरायती पट्ट्यातल्या बाईला एवढे पैसे स्वतःच्या वाढदिवसावर घालवणं जमणारच नाही, आणि जमलं तरी मन धजावणार नाही. शेवटी ठरलं, प्रत्येकी वीस रुपये. सोळा जणींचे झाले तीनशे वीस. एवढ्यात केक व्हायला हवा.

आणि तो झाला, तयार मिश्रणाच्या दोन पुड्यांत!

या तयार पुड्याला आपल्याकडे अजून नाकं मुरडतात. "त्यात काय, डब्यातलं ओतलं आणि केलं," असं म्हणतात. पण लोणचं मसाला, इडलीचं पीठ, गुलाबजामचं पाकीट हे सगळं घरात आलंच ना? पुण्याची वेकफिल्ड कंपनी १९५६ पासूनची. तिची कस्टर्ड पावडर आणि बेकिंग पावडर आपल्या आयांच्या फडताळात होती. पुड्यात असतं तरी काय? मैदा, साखर, कोको, फुगण्यासाठी सोडा आणि त्याच्या जोडीला आम्ल. सोडा ओला झाला की आम्लाशी त्याची गाठ पडते, वायू तयार होतो आणि त्याच बुडबुड्यांनी केक जाळीदार होतो. हे सगळं घरी मोजूनमापून घेतलं तरी केक होतोच. पण कोकोचा डबा, बेकिंग पावडर, व्हॅनिलाची बाटली एका केकसाठी विकत आणायची आणि उरलेलं वर्षभर फडताळात पडून राहायचं, हे आपल्या हिशेबात बसत नाही.

आणखी एक गंमत सांगते. आपण उसाच्या पट्ट्यातल्या बायका. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, ही कारखान्यांची नावं पोटात असल्यापासून ऐकलेली. तर हे पुड्यातलं केकचं पीठ जन्माला आलं तेच मुळी मळीच्या धंद्यातून. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात डफ नावाची कंपनी होती, उसाचा काळा दाट पाक विकणारी. तो पाक मैद्यात घालून वाळवला तर पीठ टिकतं आणि नुसतं पाणी घातलं की केक होतो, ही युक्ती त्यांना सुचली. १९३३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्याच कंपनीने ताजी अंडी घरीच घालायची असं पीठही काढलं, कारण बायकांना ताजं अंडं आवडतं असा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे गणित उलटं. गुरुवार, संकष्टी, एकादशी, शिवाय माळकरी घरं. त्यामुळे इथे हिरव्या ठिपक्याचा, बिनअंड्याचा पुडाच जास्त चालतो. आमच्या गटात तीन जणी माळकरी, म्हणून आम्हीही तोच घेतला.

आता कृती सांगते. घरी ओव्हन नसला तरी काही अडत नाही.

पुडा घेताना तारीख पाहा. जुना झाला की सोड्याचा जोर जातो आणि केक बसतो. तेल-पाणी किती घालायचं ते पुड्यावर लिहिलेलं असतं, प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं, तेव्हा अंदाजपंचे ओतू नका. कोमट पाण्यात पाव चमचा इन्स्टंट कॉफी विरघळवून ते पाणी वापरलं तर चॉकलेटची चव गडद होते, कॉफीची वेगळी लागत नाही. गुठळ्या मोडेपर्यंत हलवा आणि थांबा. भज्याच्या पिठासारखं फेटत बसलात तर केक चिवट होतो.

ॲल्युमिनियमच्या पसरट डब्याला आतून तेल लावून मैदा भुरभुरवा. डबा निम्माच भरा, कारण केक फुगून वर येतो. जुना, जाड बुडाचा कुकर किंवा पातेलं घ्या. चांगला नवा कुकर कोरडा तापवू नये, तो खराब होतो. तळाला जाडं मीठ बोटभर पसरा, त्यावर कडं किंवा जाळी ठेवा. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवा. ही गोष्ट विसरायची नाही, आत वाफ कोंडता कामा नये. मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामाच तापवा, मग डबा आत ठेवून आच बारीक करा. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. उघडलं की गार हवेने केक मध्ये खचतो. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी मधोमध सुरीचं टोक घालून पाहा, कोरडं निघालं की झाला. दहा-पंधरा मिनिटांनी डब्यातून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. मीठ फेकू नका, डब्यात भरून ठेवा, पुढच्या केकला चालतं.

वरच्या सजावटीचं म्हणाल, तर आपल्याकडे १ जूनला ऊन अजून उतरलेलं नसतं, त्यात वीज कधी जाईल नेम नाही. बेकरीसारखं पांढरं क्रीम अर्ध्या तासात ओघळतं. त्यापेक्षा अर्धी वाटी दूध, चार चमचे साखर, दोन चमचे कोको आणि चमचाभर लोणी मंद आचेवर घोटा. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट झालं की उतरवा आणि कोमट असताना गार केकवर ओता. आम्ही वरून डाळिंबाचे दाणे पसरले. इंदापूरच्या डाळिंबाला कोण नाही म्हणेल! काळ्या केकवर लाल दाणे असे काही उठून दिसले की पोरीबाळी बोटं लावायला लागल्या. दोन कुकरांत दोन केक झाले, ते शेजारी शेजारी ठेवून एकच मोठा केला. लोणी आणि दूध घरचंच होतं. तीनशे वीस रुपयांतले दहा-बारा रुपये उरलेसुद्धा.

मेणबत्तीवरून मात्र वाद झाला. एक आत्याबाई म्हणाल्या, "आपल्यात दिवा लावत्यात, फुंकर मारून विझवत नाहीत. मी नाही विझवायची." नव्या सुना एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला आत्याबाईंचं पटलं. मग मेणबत्ती नाहीच लावली. पाटावर अकराही जणींना ओळीने बसवलं, बाकीच्या पाच जणींनी निरांजनाने ओवाळलं आणि मग आत्याबाईंच्याच हातात सुरी दिली. सत्तरीच्या आत्याबाई. नातवांचे केक त्यांनी किती पाहिले असतील, पण सुरी पहिल्यांदाच धरत होत्या. कापताना हात थरथरला. पहिला तुकडा कुणाला द्यायचा ते त्यांना सुचेना. आयुष्यभर आधी घरच्यांना वाढून मग स्वतः जेवलेली बाई ती! शेजारणीने तुकडा उचलून त्यांच्याच तोंडात घातला, तेव्हा त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत २०११ पासून इटलीच्या फरेरो कंपनीचा कारखाना आहे. किंडर जॉय तिथे तयार होतं. चॉकलेट इतकं आपल्या दारात आलं, तरी ते बाईच्या वाट्याला येतं ते पोरांनी टाकलेल्या कागदाला चिकटलेलं, असं एक वहिनी त्या दिवशी हसत हसत म्हणाली. सगळ्याच हसल्या. मला काही ते हसण्यावारी नेता आलं नाही.

त्या केकनंतर एक वेगळीच गोष्ट घडली. फी-बियाण्याचा हिशेब मांडणाऱ्या काकू महिनाभराने माझ्याकडे पुड्याचं नाव लिहून घ्यायला आल्या. त्यांच्या घरी नातवाचा वाढदिवस दरवर्षी बेकरीच्या केकने होतो. नातीला मात्र ओवाळायचं, गोड शिरा करायचा, झालं. नातीने कधी तक्रार केली नव्हती, आणि तेच काकूंच्या मनाला लागलं होतं. "आत्तापर्यंत पैशाचं कारण होतं," त्या म्हणाल्या, "आता दीडशे-पावणेदोनशेत घरी होतोय म्हणल्यावर कोणतं कारण सांगू?" नातीला त्यांनी घरी केक केला. पुढच्या वर्षी नातवालाही घरचाच करायचा, दोघांना सारखाच, असं त्यांनी मुलाला ठणकावून सांगितलंय. मुलगा कुरकुरला म्हणे. कुरकुरू दे.

आणखी एक काम आम्ही त्या दिवशी हाती घेतलं. गटातल्या लेकी-सुनांच्या बाळांचे जन्मदाखले आहेत का, ते तपासलं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. दोन नातींचे दाखले काढायचे राहिले होते, ते काढून घेतले. या पोरींची तारीख गुरुजींना ठरवावी लागणार नाही.

आणि ज्यांची हुकली, त्यांचं काय? आपल्या सासूबाईंना, आईला एकदा निवांत विचारा, त्या कोणत्या ऋतूत जन्मल्या, तेव्हा शेतात काय उभं होतं, कोणता सण जवळ होता. आमच्या गटातल्या एकीला तिच्या थोरल्या बहिणीने सांगितलं, "तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची." बावन्न वर्षांनी कळलं! आता तिचा केक श्रावण संपल्यावर होणार. पुडा तिने आत्ताच आणून ठेवलाय, तारीख पाहून.