गोजिरा

मुलांनो, मराठीत ‘गोजिरा’ म्हणजे दिसायला गोड, लाडका. लहान बाळाला आपण गोजिरे म्हणतो. जपानी भाषेत मात्र ‘गोजिरा’ हे एका अक्राळविक्राळ प्राण्याचे नाव आहे. इंग्रजीत त्याला गॉडझिला म्हणतात. त्याच्यावरचा पहिला भयपट १९५४ साली जपानमध्ये निघाला. भयपटाचा आणि दुःखाचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. तर ऐका.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. वर्ष संपेपर्यंत तेथे सुमारे दोन लाख माणसे मेली. युद्धानंतर जपानवर अमेरिकेचा ताबा होता. तेव्हा काही वर्षे अणुबॉम्बविषयी लिहिण्यावर कडक बंधने होती. दुःख मोठे होते. पण ते उघडपणे बोलता येत नव्हते.

पुढे १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले. त्यांतला एक सप्टेंबरमध्ये वारला. जुनी जखम पुन्हा उघडी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गोजिरा’ पडद्यावर आला.

दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते. युद्धाहून परतताना त्यांनी हिरोशिमाचे भग्न अवशेष पाहिले होते. त्यांच्या चित्रपटात बॉम्बच्या चाचण्यांमुळे समुद्रातला प्राणी जागा होतो आणि टोकियो शहर जाळतो. एक आई मुलांना पोटाशी धरून बसते. “आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ,” असे ती त्यांना सांगते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जखमींना ठेवायला जागा उरत नाही. शाळेतल्या मुली शांततेची प्रार्थना गातात.

प्राणी खोटा होता; पण ती आई, तो दवाखाना प्रेक्षकांना अनोळखी नव्हता. जे दुःख घरात बोलता येत नव्हते, त्याला पडद्यावर रूप मिळाले. अंधारात, चारचौघांत बसून माणसांना त्याच्याकडे पाहता आले.

म्हणून भयपट पाहताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, तर हसू नका. त्याला कदाचित कोणाची तरी आठवण आली असेल. त्याच्याजवळ बसा. त्याला बोलायचे असेल, तर त्याचे ऐका.

स्वाध्याय
१. मराठी ‘गोजिरा’ आणि जपानी ‘गोजिरा’ यांत काय फरक आहे?
२. ‘जुनी जखम पुन्हा उघडी झाली’ असे लेखात का म्हटले आहे?
३. दुःखात असलेल्या मित्राला तुम्ही कसा धीर द्याल? पाच वाक्ये लिहा.