सिमेंटचा डाग आणि धुणारे हात

गवंड्याच्या, बिगाऱ्याच्या घरात सिमेंटचा डाग नवा नाही. पण तो धुणाऱ्या माय-बहिणींच्या हातांचे काय, असा आमचा सवाल आहे. ओले सिमेंट चुन्यासारखे दाहक असते. ते कपड्यात मुरले की कातडी भाजते.

म्हणून कामावरून येताच कपडे बदलावेत, ते घरच्या धुण्यात मिसळू नयेत. डाग ओला असेल तर लगेच भरपूर थंड पाण्याने, उलट्या बाजूने धुवावा. सिमेंट नुसते वाळत नाही, पाण्याशी संयोग होऊन दगड बनते. असा घट्ट डाग तोंडाला रुमाल बांधून बोथट सुरीने खरवडावा. उरलेल्यावर पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन अर्धा तास भिजवावे, मग घासावे. रंगीत कपड्याचा कोपरा आधी तपासावा. त्यात ब्लिचिंग पावडर कदापि घालू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. धुताना रबरी हातमोजे घालावेत.

डाग असा निघेल. परंतु कामावर हातमोजे, गमबूट मिळणे ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, तेव्हापासून सुरक्षा हा त्यांचा हक्क आहे. बांधवांनो, तो मागा!