बहात्तर गांवांचें राज्य आणि आपला जिल्हा

देशाची खानेसुमारी झाली म्हणजे माणसें किती, हें सरकारास कळतें. तीं कशीं जगतात, हें मात्र ज्या गांवांत तीं राहतात त्या गांवासच खरें ठाऊक असतें. म्हणून लोकांच्या सुखदुःखाचा हिशेब कोणाच्या हातीं असावा, दूरच्या कचेरीच्या कीं गांवच्या चावडीच्या, हा प्रश्न वरवर कारकुनी दिसला तरी वस्तुतः तो राज्यकारभाराच्या मुळाशीं जाणारा आहे. या प्रश्नाचें एक उत्तर महाराष्ट्रांतील एका अगदीं लहान संस्थानानें १९३९ सालीं देऊन पाहिलें. त्याची हकीकत यवतमाळकर वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तींत आपल्या जिल्ह्यानें घेण्यासारखें पुष्कळ आहे.

तें संस्थान औंधचें. क्षेत्रफळ सुमारें ५०० चौरस मैल, गांवें ७२ आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकवस्ती सुमारें ८८ हजार. म्हणजे दर गांवीं सरासरीनें बाराशें माणसें. हा मुलूखही सलग नव्हता. राजधानीचें औंध सातारा जिल्ह्यांत. कुंडल व आटपाडी हे भाग आज सांगली जिल्ह्यांत मोडतात. आणि एक तुकडा विजापुराकडे. आटपाडीचा प्रदेश माणदेशांतला. पावसाळी ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन मग तेथें पोंचतात. जिराईत जमीन, ज्वारी-बाजरीचें पीक, शेळ्यामेंढ्यांचे कळप. आणि दुष्काळ हा तेथें पाहुणा नसून घरचाच माणूस. पोटासाठीं लोक मुंबईच्या गिरण्यांत जात. सोनेंचांदी गाळणारे याच पट्ट्यांतले गलाई कारागीर हिंदुस्थानभर पसरले. व्यंकटेश माडगूळकरांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ कादंबरींत मेंढपाळांच्या ज्या वस्तीचें जग उभें केलें, तें याच संस्थानाच्या मातींतलें. सारांश, धनाच्या दृष्टीनें हें राज्य दरिद्रीच होतें.

या राज्याच्या गादीवर भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि १९०९ मध्यें आले. सूर्यनमस्काराचे प्रचारक, चित्रकार आणि कलांचे आश्रयदाते म्हणून त्यांचें नांव सर्वश्रुत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्यें कुंडलजवळचा निवडुंगानें माजलेला माळ देऊन त्यांनीं कारखान्यास हात दिला, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. परंतु उद्योगधंद्यांस आश्रय देणारे संस्थानिक आणखीही झाले. औंधचें वेगळेपण याच्या पुढें आहे. १९३८ सालीं, वयास सत्तर वर्षें होत असतां, या राजानें आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन या नांवाचे पोलंडांतून आलेले एक इंजिनियर, हे दोघे घटनेच्या विचारासाठीं गांधीजींकडे सेवाग्रामास गेले. सेवाग्राम आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत; तेव्हां या प्रयोगाचें बीज आपल्या उंबऱ्याशींच रुजलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. जानेवारी १९३९ मध्यें ती घटना औंधांत मान्य झाली.

घटनेची मांडणी खालून वर जाणारी होती. प्रत्येक गांवीं लोकांनीं निवडलेले पांच पंच. त्या पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिति. आणि त्यांतूनच संस्थानचें विधिमंडळ. शाळा, विहिरी, रस्ते, किरकोळ तंट्यांचा निवाडा, हीं कामें पंचायतींकडे आलीं; आणि तीं नुसतीं कागदावर राहूं नयेत म्हणून महसुलाचा मोठा वाटा खालींच खर्च व्हावा अशी तजवीज करण्यांत आली. माणसावर विश्वास टाकण्याचें हें धोरण तुरुंगापर्यंत पोंचलें. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या नांवाची वसाहत निघाली, आणि तींत गुन्हेगार बेड्यांवांचून, भिंतींवांचून, शेती करीत राहूं लागले. १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट याच वसाहतीवरून सुचला. पुढें ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. विलीनीकरण हें राष्ट्राच्या ऐक्यास अवश्यच होतें, आणि संस्थानें राहावयास हवीं होतीं असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु नऊ वर्षें चाललेला गांवकारभाराचा हा धडा संस्थानाबरोबर विसरला जावा, हें मात्र योग्य झालें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, राजा भला होता म्हणून हें घडलें. राजे गेले, आतां तें कसें घडावें? आक्षेप वजनदार आहे. औंधच्या पंचांना जें मिळालें तें मूलतः दान होतें, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें पाहतां आजची स्थिति त्याहून किती तरी बळकट आहे. ग्रामपंचायती संघटित करण्याचा आदेश राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदांत पहिल्यापासून आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें, जी एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, पंचायतींना घटनात्मक स्थान मिळालें, आणि २९ विषय त्यांच्याकडे सोंपविण्याजोगे म्हणून अकराव्या अनुसूचींत नोंदले गेले. आपल्या जिल्ह्यांतील केळापूर, मारेगांव, राळेगांव, घाटंजी या बाजूचीं जीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत येतात, त्यांच्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्यानें गौण वनोपजावरील मालकीपर्यंत अधिकार दिले. औंधांत जें राजाच्या औदार्यानें मिळालें, तें आपणांस हक्कानें मिळालेलें आहे. हक्क मिळूनही तो न बजावणाऱ्यास मग राजाची वाट पाहण्याचा अधिकार राहत नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. आपण वऱ्हाडी लोकही कागदोपत्रीं एका संस्थानिकाचेच प्रजाजन होतों. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें आणि १९०२ च्या करारानें तें कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे गेलें. मालकी हैदराबादची, कारभार इंग्रजांचा, कापूस मँचेस्टरचा, आणि कर्ज तेवढें कुणब्याचें, अशी ती वांटणी होती. मूर्तिजापूरहून यवतमाळास आलेली अरुंद आगगाडी मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठींच टाकलेली. त्या वांटणींतील पहिले तीन हिस्सेदार गेले; चौथा हिस्सा मात्र शेतकऱ्याच्या घरीं राहिला.

२०११ च्या खानेसुमारीप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८. क्षेत्रफळांत औंधाच्या दसपट, माणसांत तीसपटीहून अधिक. शंभरांतील सुमारें ७८ माणसें खेड्यांत; साक्षर सुमारें ८३; अनुसूचित जमातींचे लोक साडेअठराच्या आसपास. त्यांत गोंड, आंध यांच्याबरोबर कोलाम आहेत, ज्यांची गणना देशांतील अतिमागास आदिम जमातींत होते. परंतु पुसद, महागांव, उमरखेड या बाजूच्या तांड्यांतून दिवाळीनंतर किती बिऱ्हाडें ऊसतोडीस निघतात, त्यांच्याबरोबर किती मुलांची शाळा सुटते, कोणत्या घरावर सावकाराचें, कोणत्या घरावर बँकेचें आणि कोणत्या घरावर बी-बियाण्याच्या दुकानाचें देणें आहे, हें त्या आंकड्यांत कोठेंच सांपडत नाहीं. त्यांतून २०२१ ची नियोजित खानेसुमारी त्या वर्षीं झाली नाहीं, आणि दशकाहून जुन्या संख्येवरच धान्याचे, पाण्याचे, दवाखान्यांचे अंदाज बांधले गेले. व्यापारी वाचकांना आम्ही विचारतों, दहा वर्षांपूर्वींची शिल्लक-मालाची यादी पुढें ठेवून तुमच्यापैकीं कोण आजचा सौदा करील?

वरून आलेल्या उपायांची गत आपण पाहिलीच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं हादरून २००६ मध्यें केंद्र सरकारनें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आंकडा मोठा होता, हेतूही चांगला होता. पण आत्महत्या थांबल्या नाहींत. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन याच जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कोणत्या शेतांत कोणतें औषध, कोणत्या मिश्रणानें, कोणाच्या उघड्या अंगावर उडत होतें, हें त्या त्या गांवास दिसत होतें. तें नोंदून ठेवण्याची आणि वेळेवर ओरड करण्याची रीत गांवांत असती, तर कांहीं जीव तरी वांचते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जिल्ह्यांतील सुमारें बाराशें ग्रामपंचायतींपैकीं प्रत्येकीनें गांवची एक वही ठेवावी. सरकारी नमुन्याची वाट न पाहतां तींत पांच गोष्टी लिहाव्या: वर्षांतील जन्म व मृत्यु, आणि मृत्यूचें कारण, बाहेर मजुरीस गेलेलीं कुटुंबें, शाळा सुटलेलीं मुलें, कोणाचेंही नांव न लिहितां गांवावरचें एकंदर कर्ज आणि तें कोणत्या प्रकारचें, व उन्हाळ्यांत आटणाऱ्या विहिरी. कायद्याप्रमाणें वर्षांतून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्याच असतात. त्या प्रत्येकींत ही वही मोठ्यानें वाचली जावी, आणि पंचायतीच्या खर्चाचा विचार त्या वाचनानंतरच व्हावा. पंचायतीकडे येणाऱ्या निधीचा मोठा भाग ठराविक कामांशींच बांधलेला असतो, ही तक्रार खरी आहे. पण आपली गरज काय याचा लेखी पुरावा ज्या गांवापाशीं नाहीं, त्यानें तें बंधन सैल करून मागावें तरी कोणत्या आधारावर?

हें काम एकट्या ग्रामसेवकाच्या मानेवर टाकून भागणार नाहीं. वही कशी ठेवावी हें आपल्या अडत्यांना, दुकानदारांना आणि त्यांच्या मुनीमांना कोणीं शिकवावयास नको. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा येथील बाजार ज्या खेड्यांवर जगतो, त्यांपैकीं एकेक गांव एकेका व्यापाऱ्यानें, वकिलानें वा शिक्षकानें पहिल्या वर्षापुरतें आपलें मानावें; वही आंखून द्यावी आणि पहिल्या वाचनास स्वतः हजर राहावें. खेडें बुडालें तर त्याच्या उधारीबरोबर पेठही बुडते, हें ज्यांना समजतें त्यांच्याकडून इतकी अपेक्षा करणें अवाजवी नाहीं. माणदेशच्या दुष्काळी माळावरील शेतकऱ्यांनीं आणि धनगरांनीं पंच निवडून स्वतःचा कारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांच्यापाशीं आपल्यापेक्षां पैसा कमी होता, शाळा कमी होत्या आणि कायद्याचें पाठबळ एका वृद्ध राजाच्या शब्दाइतकेंच होतें. आपल्यापाशीं याहून पुष्कळ अधिक आहे. येत्या ग्रामसभेपासून आरंभ करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.