आवाज मोठा नको, शब्द ऐकू यावा

आमच्या घरात गेली दोन-तीन वर्षं एक प्रश्न रोज रात्री ठरलेला असायचा. टीव्हीवर सिनेमा चालू असायचा, पडद्यावरचा मुलगा बापाला काहीतरी महत्त्वाचं सांगत असायचा, आणि अम्मी माझ्याकडे वळून विचारायची, ‘क्या बोल्या रे उनो?’ मी आवाज वाढवायचो. तेवढ्यात पार्श्वसंगीत उसळायचं, पलीकडून भिंतीवर थाप पडायची, की मी पुन्हा आवाज कमी. संवाद तोवर निघून गेलेला. अम्मीची नजर अधू आहे. तिच्यासाठी सिनेमा ही ऐकायचीच गोष्ट. त्यातला शब्दच हरवला तर तिनं नुसता गलबला ऐकत बसायचं का?

म्हणून मी होम थिएटरच्या नादी लागलो. तसा एकदा हात पोळलेला होताच. २००६च्या सुमारास एका दुकानातून पाच छोटी खोकी आणि एक मोठं खोकं असा संच आणला होता. डब्यावर ठळक अक्षरात छापलेलं, ‘५००० वॅट पीएमपीओ’. घरी लावला तर खिडकीची तावदानं थरथरली, पण गाण्याचे बोल कळेनात. चूक माझीच. त्या आकड्याला कसलंही ठरलेलं मोजमाप नाही, ज्याला जो वाटेल तो आकडा छापावा. पाहायचा तो आरएमएस वॅटचा आकडा. आणि साधी खूण सांगतो, यंत्राच्या पाठीवर ते किती वीज घेतं हे लिहिलेलं असतं. साठ वॅट खाणारं यंत्र पाच हजार वॅट आणणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल!

आता रिसीव्हर म्हणजे काय? याच्या पोटात पूर्वीपासून रेडिओ असायचा, म्हणून हे नाव. (आकाशवाणीवर बोलतोय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) टीव्हीकडून किंवा सेट टॉप बॉक्सकडून येणारा आवाज तो घेतो, त्यातले वेगवेगळे प्रवाह सुटे करतो, प्रत्येकाला ताकद देतो आणि ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे पाठवतो. ५.१ म्हणतात त्यातले पाच म्हणजे समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला आणि बाजूचे दोन. पॉइंट एक म्हणजे नुसता घुमणारा खर्ज वाजवणारा वूफर.

या सगळ्यात माझ्या मते खरा मानकरी मधला स्पीकर. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलन ब्लूमलाइन नावाचा इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं. त्यातून त्यानं स्टिरिओ ध्वनीचं पेटंट घेतलं. पुढे सिनेमात संवादासाठी मधली वाट स्वतंत्र झाली. आजच्या बहुतेक चित्रपटांत माणसांचं बोलणं मुख्यतः या मधल्या प्रवाहात असतं. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांत सहा प्रवाह कोंबले की ढोल, पाऊस, मोटारी आणि संवाद एकाच दारातून घुसायला बघतात. त्यात बिचारा संवाद चेंगरतो. अम्मीचा प्रश्न नेमका इथला होता.

तेव्हा खरेदीला जाताना वॅटवरून घासाघीस करू नका. दहा बाय बाराच्या खोलीत एरवी दोन-चार वॅटच वापरले जातात. ताकद दुप्पट केली तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला ती दहापट लागते. त्याऐवजी स्पीकर किती ओहमचे आणि रिसीव्हर किती ओहम पेलतो, हे जुळवा. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच तारेवर समांतर जोडले की चार ओहम होतात आणि यंत्र तापतं. आमच्याकडे मंडपवाले असंच करतात आणि मग मुशायऱ्याच्या ऐन रंगात कर्णे मुके होतात. टीव्हीवर एचडीएमआय एआरसी लिहिलेलं भोक आहे का, तेही पाहून घ्या, म्हणजे एका केबलमध्ये काम भागतं. यामाहा, डेनॉन, सोनी, कुठलाही घ्या, पण दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा. दर वेळी खोकं घेऊन संभाजीनगरची एसटी पकडणं परवडत नाही. आणि खोली फारच लहान असेल, बजेट तोकडं असेल, तर मधला स्पीकर स्वतंत्र असलेला चांगला साउंडबारही चालतो. त्यात कमीपणा नाही.

मांडणीचं मात्र मनावर घ्या. मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे. आम्ही तो आधी शोकेसच्या कप्प्यात कोंबला होता, तर निवेदक रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा. पुढे ओढून कप्प्याच्या कडेला आणला आणि आवाज मोकळा झाला. बाजूचे दोन कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे. तारा जोडताना लाल लालला, काळी काळीला. एक जरी उलटी लागली तरी एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज गळून पडतो.

मग खोली. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून खणखण रेंगाळली तर समजा, शब्द पुसट होणार. विजापूरच्या गोल घुमटात एक हाक अनेकदा परतून येते. हाकेला ते शोभतं, गझलेला नाही. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती, कोनाडे, फडताळं होती, तिथं आवाज इतका उसळत नसे. आता खाली फरशी, वर पत्रा किंवा स्लॅब आणि भिंती गुळगुळीत. मी स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड वाकळ टांगली आणि खाली सतरंजी टाकली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडावर ग्रंथ लिहिला, तेवढी लांबलचक पासोडी आपल्याला नको, चार बाय सहाची वाकळ पुरते. पाहुणे आधी हसतात, मग गाणं ऐकून गप्प बसतात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट कापायला साधारण एक हजारांश सेकंद. बाजूचा स्पीकर चार फुटांवर आणि समोरचा नऊ फुटांवर असला तर जवळचा आधी पोचतो. रिसीव्हरला अंतरं सांगितली की तो जवळच्याला तेवढं थांबवून धरतो. बऱ्याच यंत्रांबरोबर छोटा माईक येतो. तो बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, कूलर-पंखा बंद करायचा आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा! यंत्र आपलं आपण मोजून घेतं. त्यानंतर मी एक आगाऊपणा केला. मधल्या स्पीकरची पातळी हातानं तीन डेसिबलनं वाढवली आणि रात्रीसाठी असलेली सोय चालू केली. तिचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, पण काम एकच. मोठे आवाज दाबायचे आणि बारीक उचलायचे. स्फोट झाला तरी शेजारी उठत नाही आणि कुजबुज मात्र कळते.

विजेचं काय? औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, परळीला. तरी दिवा लुकलुकायचा तो लुकलुकतोच. स्टॅबिलायझर लावा. स्पीकरमधून सारखी घर्रर्र ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासून घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही अशी गुणगुण येते. आणि भगिनींना एक विनंती, क्रोशाचा रुमाल रिसीव्हरवरून काढून टाका. त्याच्या डोक्यावरची भोकं श्वासासाठी असतात. बीडचा मे महिना त्याला आधीच जड जातो.

जुळवाजुळव झाली त्या रात्री एक जुना सिनेमा लावला. निम्मा झाला तरी प्रश्न आला नाही. मला वाटलं, अम्मीला झोप लागली. वळून पाहिलं तर ती जागीच. म्हणाली, ‘थोडा कम कर आवाज, बाजूवाले सोए रहेंगे.’

सगळे आकडे मी एका कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवून ठेवलेत. नातवंडं सुट्टीत आली की रिमोट त्यांच्या हातात असतो.