एअर हॅमर म्हणजे रिव्हेट गन नव्हे

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं. तेव्हापासून घरी विमान बांधू पाहणारी मुलं मला हमखास विचारतात: “सर, गॅरेजमधला एअर हॅमर वापरला तर? शेवटी ठोकायचंच आहे ना?”

नाही वापरायचा. कितीदा सांगायचं!

घोळ होतो, कारण एअर हॅमर आणि रिव्हेट गन ही दोन्ही हत्यारं सारखी दिसतात, दोन्ही हवेवर चालतात आणि दांड्याचं माप बहुतेक वेळा तेच असतं, ०.४०१ इंच. म्हणजे गनच्या तोंडात बसणारा, रिव्हेटवर टेकणारा रिव्हेट सेट हॅमरमध्येही चपखल बसतो. खरा फरक ट्रिगरमध्ये आहे. रिव्हेट गनचा ट्रिगर हलकेच दाबला की ठोके मंद पडतात, दाब वाढवावा तसा जोर वाढतो. स्वस्तातला हॅमर पहिल्या क्षणापासून सुसाट सुटतो. विमानाचा पत्रा कित्येक ठिकाणी जेमतेम ०.०२५ इंच, म्हणजे ०.६ मिमी जाड. त्यावर सेट जरा घसरला की रिव्हेटशेजारी चंद्रकोरीसारखी खाच पडते आणि ती जात नाही.

बरं, सगळं लक्ष गनवरच का? गन रिव्हेटच्या तयार डोक्यावर ठोके देते. पलीकडची शेपटी चेपते ती तिथे धरलेल्या धातूच्या ठोकळ्यावर, म्हणजे बकिंग बारवर. बार हलका असेल तर ठोके जास्त लागतात, आणि प्रत्येक ठोक्यागणिक रिव्हेट कडक होत जातो. एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेच्या हँडबुकनुसार चेपलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. १/८ इंची रिव्हेटला सुमारे ४.८ आणि १.६ मिमी. गेज लावून बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

‘मोठी गन चांगली’ हेही खोटं. आरव्ही-७सारख्या घरी बांधायच्या विमानात मुख्यतः ३/३२ आणि १/८ इंची रिव्हेट असतात. त्यांना थ्रीएक्स मापाची गन पुरते. ‘रिव्हेट दाबून चेपणारा स्क्वीझर घेतला की गन नको’? स्क्वीझर कडेपासून आत फार पोचत नाही. ‘एकाच बाजूने ओढून बसवायचे पुल रिव्हेट कच्चे’? आरव्ही-१२ आणि झेनिथची विमानं मुख्यतः त्यांवरच उभी आहेत. मात्र ते नकाशात दिलेलेच हवेत, हार्डवेअरच्या दुकानातले नव्हेत. ‘जरा बिघडलेला प्रत्येक रिव्हेट काढावा’? काढताना भोक मोठं झालं तर नुकसान जास्त.

तेव्हा खरेदीआधी नकाशातले रिव्हेट नंबर वहीत उतरवा. एएन४७०एडी४-५ मधला ४ म्हणजे ४/३२ इंच व्यास, ५ म्हणजे ५/१६ इंच लांबी. त्यावरून गन, सेट आणि बार ठरवा, आणि आधी भंगार पत्र्यावर हात बसवा.