पीक कमी भरलं, पण कोणतं?
कोशातली नोंद आणि तक्त्याची चौकट

इचलकरंजी कुठे संपते आणि कबनूर कुठे सुरू होते, हे नवख्या माणसाला कळत नाही. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे हा धंदा आसपासच्या गावांत पसरला, तसा कबनूरलाही आला. धंद्याबरोबर त्याची बोलीही आली. ताणा, धोटा, फणी, कांडी, जॉबर, दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला, असे कितीतरी शब्द. बिनधोट्याचे माग आले, तसे यांतले काही शब्द वापरातून चालले आहेत.

मी याच गावचा. पोटासाठी संगणकावर माहितीसाठे बांधण्याचे काम करतो आणि फावल्या वेळात हे शब्द टिपतो. ही नोंद संगणकात ठेवताना मी एक चूक केली. ती कशी झाली आणि ती टाळण्याचा मार्ग कोणता, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या कारखान्यातल्या दिवाणजींची वही डोळ्यांसमोर आणा. तारीख, माग नंबर, कामगार, मीटर, मजुरी. प्रत्येक ओळीत तेवढेच रकाने आणि प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली संबंधाधिष्ठित माहितीसाठ्याची कल्पना, ढोबळमानाने, अशा वह्यांचीच आहे. मागांची एक वही, कामगारांची दुसरी, आणि दोन्हींना जोडणारा नंबर. यात एक अट आहे, जी सहज लक्षात येत नाही. तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. क्रम हवा असेल, तर त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा लागतो. मजुरीच्या हिशेबाला ही अट जाचत नाही. कोशाला जाचते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली आणि सुधारून १८५७ साली निघाला. आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यातली कोणतीही नोंद पाहा. कुठे एकच अर्थ, कुठे दहा. एखाद्या अर्थाखाली उदाहरण, उदाहरणाखाली टीप, मध्येच दुसऱ्या शब्दाकडे बोट. अर्थांचा क्रमही कोशकाराने विचार करून लावलेला. अशी नोंद वहीच्या ओळीसारखी नसते. ती झाडासारखी असते, फांदीला फांदी फुटलेली.

मी पहिल्यांदा तीन तक्ते केले. एक शब्दांचा, एक अर्थांचा, एक उदाहरणांचा. अर्थ शब्दाला जोडले, उदाहरणेही शब्दाला जोडली. कोणते उदाहरण कोणत्या अर्थाचे, हे जोडायला विसरलो. सगळे भरून झाल्यावर ‘आता संगणकात आहे की’ म्हणून वह्या रद्दीत घातल्या.

काही वर्षांनी ‘पीक’ हा शब्द तपासायला घेतला. आमच्याकडे पिकाचे दोन अर्थ. एक शेतातले. दुसरे मागावरचे : धोट्याच्या एका खेपेत पडणारा आडवा धागा. इंचात किती पीक, यावर मजुरीचा दर ठरतो. तक्त्यात एक वाक्य होते : ‘पीक कमी भरलं, पैसं कापून घेतलं.’ सांगणारे काका आमच्या गल्लीतलेच. त्यांचे चार माग होते आणि दोन एकर ऊसही होता. व्यापाऱ्याने कापडात पीक कमी म्हणून मजुरी कापली, की ऊस कमी भरला आणि कर्जाचा हप्ता परस्पर वळता झाला? वहीत ते वाक्य ज्या अर्थाखाली होते, तीच खूण होती. वही गेली होती. काकाही गेले होते.

माझ्या व्यवसायातला कोणी म्हणेल, ही तक्त्यांची चूक नाही, तुमच्या आखणीची आहे. खरे आहे. आणखी एक जोड-रकाना केला असता, तर हे वाक्य वाचले असते. पण मग टिपेसाठी आणखी एक तक्ता, क्रमासाठी आणखी एक रकाना, आणि वाक्याच्या पोटातल्या खुणांसाठी? तिथे तक्ता खरोखर अडतो.

त्यासाठीच एक्सएमएल ही लेखनपद्धत उपयोगी पडते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने ती फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. मजकुराच्या भागांना नावाच्या खुणा घालायच्या, खुणेच्या आत खूण ठेवायची, एवढेच तिचे सूत्र. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. माझी एक नोंद आता अशी दिसते :

<नोंद शब्द="कांडी">
<अर्थ क्षेत्र="शेती">लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा.</अर्थ>
<अर्थ क्षेत्र="यंत्रमाग"><संदर्भ मूळ="धोटा">धोट्यात</संदर्भ> बसवायची आडव्या सुताची गुंडाळी.
<उदाहरण वक्ता="७">कांडी संपली तरी माग पळतोय.</उदाहरण></अर्थ>
</नोंद>

दोन गोष्टी पाहा. उदाहरण अर्थाच्या पोटात आहे, त्यामुळे ते हरवू शकत नाही. आणि ‘धोट्यात’ या शब्दावरची खूण. मराठीत शब्दाचे सामान्यरूप होते. ‘धोटा’ शोधला तर ‘धोट्यात’ सापडत नाही. खुणेत मूळ रूप लिहून ठेवले की सापडते, आणि वाक्य मात्र बोलले तसेच राहते.

मग तक्ते टाकून द्यायचे का? नाही. वक्ता क्रमांक सातने सांगितलेले सगळे शब्द, किंवा शेती आणि यंत्रमाग या दोन्ही क्षेत्रांत अर्थ असलेले शब्द, असे प्रश्न विचारायला तक्त्याइतके सोयीचे काही नाही. म्हणूनच माहितीसाठ्यांनी झाडाला घरात जागा दिली. एसक्यूएल या प्रश्नभाषेच्या प्रमाणात २००३ साली एक्सएमएलचा स्वतंत्र भाग आला. पोस्टग्रेस हा मुक्त माहितीसाठा मी वापरतो. त्यात २००८ सालच्या आवृत्तीपासून एक्सएमएलचा वेगळा रकाना करता येतो. २०१७ पासून त्या झाडातले हवे ते भाग काढून ओळी-रकान्यांत मांडण्याची सोयही त्यात आहे.

या सोयीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. उघडलेली खूण बंद झाली आहे का, खुणा एकमेकींत नीट बसल्या आहेत का, एवढे पोस्टग्रेस तपासतो. अर्थ लिहायचाच राहिला, तर तो तक्रार करत नाही. ती तपासणी आपण वेगळी करायची. दोन एक्सएमएल नोंदी सारख्या आहेत का, हे बरोबरच्या चिन्हाने विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांकाचा साधा रकाना हवाच. आणि दर वेळी झाडात शिरून शोधायचे म्हटले, तर नोंदी वाढतील तसा वेळ लागतो.

म्हणून मी आता दोन्ही ठेवतो, पण मान वेगवेगळा. पूर्ण नोंद एका रकान्यात, जशीच्या तशी. ते मूळ. शब्द, क्षेत्र, वक्ता हे वेगळे तक्ते त्या मुळातून आपोआप तयार होतात. त्यांत हाताने काही भरायचे नाही. दुरुस्ती फक्त मुळात. कधी दोन्हींत फरक दिसला, तर तक्ते पाडून मुळापासून पुन्हा उभे करायचे. उलटे करता येत नाही, कारण तक्त्यांतून नोंद परत जुळवताना काय गळाले, ते तक्त्यांना माहीत नसते.

मजुरीच्या वहीला यातले काहीही लागत नाही. ती सुरुवातीपासूनच तक्ता आहे. तिला झाडात कोंबणे म्हणजे उगाच काम वाढवणे. आधी माहितीचा आकार ओळखायचा आणि साठा त्यानंतर आखायचा. मी साठा आधी आखला आणि माणसाचे बोलणे त्यात कापून बसवले.

‘पीक’ची नोंद मी नव्याने लिहिली आहे. शेतीचा अर्थ, मागाचा अर्थ, दोन्हीखाली नव्याने टिपलेली उदाहरणे. काकांचे वाक्य कोणत्याच अर्थाच्या पोटात घातलेले नाही. ते थेट शब्दाखाली आहे आणि खुणेत लिहिले आहे : अर्थ="अनिश्चित". आणि नव्या वह्या कपाटात आहेत.