हवा किती, माती कोणती?

ऊसतोड ऐन भरात असताना अवकाळी बरसला, की लोहारा तालुक्यात फडातून भरलेला ट्रक बाहेर काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पुढे एक ट्रॅक्टर, कधी दोन, मध्ये साखळी आणि भोवती सल्ला देणारे दहाजण. मागची जोडचाकं काळ्या रानात आसापर्यंत गेलेली असतात. टायर नवे, नक्षी खोल, तरी गाडी जागची हलत नाही आणि बोल लागतो टायरवाल्याला. खरं तर तिथे पाहायच्या गोष्टी दोन: टायरमधली हवा आणि मागची जोडी.

टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो त्याच्या आतल्या हवेच्या दाबाच्या आसपास असतो. एका चाकावर अडीच टन भार आणि आत ११० पाउंड हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सव्वातीनशे चौरस सेंटीमीटरच्या घरात, म्हणजे ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा. हवा ४० पाउंडांवर आणा, तोच टायर दीड कागदाएवढा पसरतो. साइडवॉलच्या ताठरपणामुळे आकडे थोडे हलतील, पण नक्षी न बदलता एवढा फरक पडतो.

आता जोडी. डांबरावर मागची जोडचाकं भार वाटून घेतात, एक टायर पंक्चर झाला तर दुसरा सांभाळतो. चिखलात मात्र पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीत ही जोडी मावत नाही. तिला स्वतःची रुंद चाकोरी नव्याने कापावी लागते, त्यात इंजिनाचा जोर जातो आणि दोन टायरांच्या फटीत माती-दगड गच्च बसतात. लष्कराचा स्टॅलियन पाहा. अशोक लेलँडच्या आराखड्यावर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेल्या या ट्रकला मागेही एका बाजूला एकच मोठा टायर असतो. मागचं चाक पुढच्याने दाबून ठेवलेल्या वाटेवरूनच जातं. त्याच्या वर्गाचं नावच ‘५/७.५ टन’: रानातून पाच टन, रस्त्यावर साडेसात. हे दोन आकडे मला फार प्रामाणिक वाटतात. आपल्याकडे फडात गाडी भरताना दुसराच आकडा धरतात, तोही वर थोडा चढवून.

रस्ता संपतो तिथून पुढे चाक जावं, ही गरज या भागाला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरच्या पट्ट्यात मदतीला लष्कर आलं आणि मदतकार्यात पावसानेही अडथळे आणले.

चालत्या गाडीत हवा कमी-जास्त करण्याची सोय दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या अमेरिकी उभयचर ट्रकमध्ये होती. समुद्रातून वाळूवर चढताना चालक बसल्या जागेवरून टायर सैल करी. टाटांच्या सहाचाकी लष्करी ट्रकांतही अशी यंत्रणा येते. आपल्या ट्रकवाल्याला ती परवडणारी नाही. हाताने हवा सोडता येते, पण बांधाशी आल्यावर ती परत भरायला कॉम्प्रेसर हवा. तशीच गाडी डांबरावर पळवली तर साइडवॉल तापून टायर फुटतो, नाहीतर वळणावर कडा रिंगवरून निसटते. भरतानाही जपायला हवं: तुकड्यांच्या रिंगची लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती उडून जीव घेऊ शकते.

रुंद घ्यावा की अरुंद, याचं उत्तर मातीच देते. माळाकडे वीतभर काळी आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून मुरुमावर टेकतो आणि निघतो. तेरणेकाठच्या खोल काळ्या रानात टेकायला तळच लवकर लागत नाही, तिथे पसरणारा टायर हवा. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, म्हणून टायरच्या नक्षीतल्या गोट्या खोल असण्याइतकंच त्यांच्यातलं अंतर मोठं असणंही गरजेचं. फिरताना चिखल झटकला गेला नाही तर लग टायरही दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो.

मिलिटरी डिस्पोजलची फोर बाय फोर घेणाऱ्यांनी एक सवय सोडावी. साध्या ट्रकला पुढे नवे आणि मागे रिमोल्ड टायर लावणं चालतं, इथे चालत नाही. पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा असेल, तर दोन्ही आस एकमेकांशी झगडतात आणि तो ताण गिअरांवर येतो. ओल्या मातीत चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. सारख्या घेराचे टायर मिळेपर्यंत पक्क्या रस्त्यावर पुढच्या आसाचा जोर सोडवूनच गाडी चालवावी.